हौशी सायकलस्वारांचा सराव आणि विश्रांती



पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, कुठेही रविवारी पहाटे साडेपाचला रस्त्यावर उभे राहा. हेल्मेट घालून, पाठीमागे लाल दिवा लावून निघालेले सायकलस्वार दिसतीलच. त्यांत आपल्यासारखे नोकरी-संसार सांभाळणारे पुष्कळ असतात. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही जवळजवळ ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. हे सगळे व्यवसाय सांभाळणारे डॉक्टर! त्यामुळे 'आपल्यालाही जमेल' असं अनेकांना वाटलं तर नवल नाही.

पण दोन सायकलस्वार भेटले की पहिला प्रश्न काय असतो? "काल किती किलोमीटर झाले?" "काल किती तास झोपलात?" असं कोणी विचारत नाही. खरं तर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. का, ते पाहू.

समजा तुम्ही सकाळी सिंहगड चढून आलात. घरी पोहोचता तेव्हा तुमची ताकद वाढलेली असते का? नाही, कमी झालेली असते. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते, घामावाटे पाणी आणि मीठ गेलेलं असतं, स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन बरंचसं संपलेलं असतं. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. जोरात सायकल चालवली तर दीड-दोन तासांत तो तळाला जातो. म्हणून लांबच्या राइडमध्ये भूक लागायची वाट न पाहता दर तासाला केळं, राजगिऱ्याची चिक्की, खजूर असं काहीतरी खात राहायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात.

शरीराची दुरुस्ती सुरू होते ती घरी आल्यावर. ग्लायकोजेन पूर्ण भरायला नीट जेवलात तरी साधारण एक दिवस लागतो, स्नायूंना कधी दोन दिवस. शरीर हुशार आहे; ते भिंत पूर्वीइतकीच बांधत नाही, एक वीट जास्त लावतं. ही जास्तीची वीट म्हणजेच वाढलेली ताकद. पण गवंडी काम करत असतानाच तुम्ही पुन्हा भिंतीवर घाव घातला तर? वर्गात हे फळ्यावर आलेख काढून छान दाखवता येतं : आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर ताकद. रेषा आधी खाली जाते, मग वर येते, मूळ पातळीच्या थोडी वर चढते. पुढची जोरदार राइड तिथे हवी, खालच्या खड्ड्यात नको.

१९३६ साली हान्स सेल्ये यांनी शरीरावरच्या ताणासंबंधी मांडणी केली : आधी धक्का, मग जुळवून घेणं, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी थकून कोसळणं. आपल्यासारख्यांनी यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची. ताण फक्त घाटाचा नसतो. दहावीचे पेपर तपासणं, घरातलं लग्न, आजारी आईजवळचं जागरण, हे सगळं त्याच खात्यातून खर्च होतं. व्यावसायिक खेळाडू दुपारी झोपतो. आपण आठव्या तासाला भूगोल शिकवत असतो. त्याचं वेळापत्रक इंटरनेटवरून उतरवून घेणं मला तरी धोक्याचं वाटतं.

मग आठवडा कसा असावा? लांब पल्ल्याच्या उत्तम खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन सायलर यांना आढळलं की त्यांची सुमारे ८० टक्के सत्रं हलकी असतात. हलकी म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकी. हौशी लोकांचं नेमकं उलट होतं. रोज मध्यम जोर, प्रत्येक पुढच्या सायकलला गाठायची घाई. मंगळवारी तासभर अगदी सावकाश, गुरुवारी चढावर चार-पाच मिनिटांचे चार जोरदार फेरे, रविवारी लांब पण शांत राइड, एवढं पुष्कळ झालं. सोमवारी आणि शुक्रवारी सायकल घरी. तीन आठवडे थोडं थोडं वाढवलं की चौथा आठवडा हलका ठेवायचा.

थकवा साठतोय हे ओळखायला महागडं घड्याळ लागत नाही. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. नेहमी ५८ असणारी नाडी सलग दोन-तीन दिवस ६५च्या वर दिसली, झोप तुटक झाली, मुलांवर उगाच चिडचिड व्हायला लागली, तर त्या दिवशी राइड रद्द. (चिडचिडीची नोंद घरचे बिनचूक ठेवतात.) छातीत दुखणं किंवा चक्कर येणं मात्र थकवा समजू नका, थेट डॉक्टरांकडे जा. तुमचं पाहून आठवी-नववीतलं मूल सायकलकडे वळलं असेल तर त्याला तुमच्या अंतरात ओढू नका. वाढीच्या वयात झोप तुमच्यापेक्षा जास्त लागते.

बऱ्याच जणांचं पहिलं ध्येय २०० किलोमीटरची ब्रेव्हे असते. वेळ साडेतेरा तास. मुलांना गणित घाला : सरासरी वेग किती? ताशी जेमतेम १५ किलोमीटर, तोही थांबे धरून. ताशी २० ने चालवलं तर दहा तासांत अंतर संपतं आणि साडेतीन तास खाण्यापिण्याला, पंक्चरला उरतात. म्हणजे इथे वेगापेक्षा ताजेपणा हवा. तरी शेवटच्या आठवड्यात 'राहिलेला सराव' भरून काढायला लोक १०० किलोमीटर मारतात! त्या आठवड्यात नवी ताकद येत नाही, फक्त थकवा येतो. अंतर निम्म्यावर आणा, अधूनमधून दोन मिनिटं जोर लावा आणि लवकर झोपा.

ब्रेव्हे संपल्यावर घरी जाताना गाडी स्वतः चालवू नका. कोणाला तरी न्यायला बोलवा. शक्य असेल तर सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.