शिकलेल्याचा रवंथ

गाय रानात भराभर चरते. तेव्हा ती चारा नीट चावत नाही. मग निवांत बसली, की तोच चारा पोटातून तोंडात आणते आणि सावकाश चावते. यालाच आपण रवंथ म्हणतो. रवंथ झाला नाही, तर खाल्लेलं अंगी लागत नाही.

शिकण्याचंही तसंच आहे. वर्गात आपण भराभर ऐकतो, वाचतो, लिहितो. पुस्तक मिटलं, घरी आलो, की झालं! दुसऱ्या दिवशी गुरुजी विचारतात, "काल काय शिकलो?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

यात तुमच्या डोक्याचा दोष नाही. विसरणं हा मनाचा धर्मच आहे. जर्मनीत एबिंगहाउस नावाचे विद्वान होऊन गेले. ते अर्थ नसलेले शब्द पाठ करीत. किती विसरलो, ते मोजीत. एका दिवसात तीन वाट्यांपैकी दोन वाटे मेहनत वाया जाई! हे त्यांनी १८८५ साली पुस्तकात लिहिलं.

मग उपाय काय? उपाय सोपा आहे. त्याला पैसा लागत नाही. रात्री जेवणं झाली, की पुस्तक न उघडता स्वतःला तीन प्रश्न विचारा :

१. आज नवं काय शिकलो?
२. कुठं अडलो?
३. उद्या ते कुठं वापरीन?

समजा, आज गुणाकार शिकलात. मग मनाशी म्हणा, "गुणाकार शिकलो. हातचा मिळवायला विसरलो. उद्या डेअरीच्या पावतीवरचा हिशेब मी स्वतः करून बघीन."

पुस्तक मिटूनच आठवायचं, हे ध्यानात ठेवा. २००६ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी याची परीक्षा घेतली. काही विद्यार्थ्यांनी धडा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवला. आठवड्यानं पाहिलं, तर आठवणाऱ्यांच्याच जास्त ध्यानात राहिलं होतं.

मुलांनाही रोज विचारा. "आज काय शिकवलं?" म्हटलं, की पोर म्हणतं, "कायबी न्हाई!" रागावू नका. म्हणा, "बरं, फळ्यावर काय काढलं हुतं? मलाबी शिकीव की!" पोर फुलतं. सांगता सांगता त्याचाही रवंथ होतो. आईला वाचता येत नसलं, तरी हे विचारता येतं.

साक्षरतेचा वर्ग एक दिवस संपतो. सराव सुटला, की सही करणारा हात पुन्हा शाईच्या डबीकडे वळतो. कष्टानं मिळवलेलं अक्षर असं हातचं घालवू नका.

पुस्तक मिटा आणि सांगा
१. गाय रवंथ का करते?
२. रोज रात्री कोणते तीन प्रश्न विचारायचे?
३. या धड्यातलं तुम्ही उद्या काय कराल?