शिष्यवृत्ती व प्राप्तिकर

शिष्यवृत्ती हे उत्पन्न समजावे काय, आणि समजल्यास तीवर कर द्यावा लागतो काय, हा प्रश्न आपल्या धावड्यासारख्या गावी पूर्वी कोणास सुचलाही नसता. प्राप्तिकर ही शहरातील पेढीवाल्यांची व मोठ्या पगारदारांची बाब, अशीच इकडील समजूत होती. परंतु अलीकडे शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा थेट विद्यार्थ्याच्या बँकखात्यात जमा होते. त्यामुळे पालकांच्या मनात शंका येते की, मुलीच्या नावे इतके पैसे आले, आता सरकार आपणांकडे कर मागेल काय? या भीतीने एखाद्याने अर्जच न करणे म्हणजे मुलीचे शिक्षण हकनाक अडविणे होय. तेव्हा या विषयाचा थोडक्यात विचार करू.

भारतात प्राप्तिकर प्रथम १८६० साली जेम्स विल्सन यांनी बसविला. आपला भाग त्या काळी निजामाच्या राज्यात मोडत असे. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यावर, १ एप्रिल १९५० पासून भारताचा प्राप्तिकर कायदा इकडेही लागू झाला. पुढे १९६१ साली नवा कायदा झाला. त्याच्या १० व्या कलमात, ज्या प्राप्तींवर मुळीच कर नाही अशांची यादी दिली होती. आणि त्या यादीत १६ व्या क्रमांकावर, शिक्षणाचा खर्च भागविण्याकरिता दिलेली शिष्यवृत्ती होती. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. परंतु ही सूट त्यानेही कायम ठेवली आहे.

या सूटीसंबंधी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, शिष्यवृत्ती सरकारनेच दिलेली असावी असे बंधन नाही. एखाद्या न्यासाने दिलेली असली तरी चालते. दुसरी, रकमेस वरची मर्यादा घातलेली नाही. तिसरी, शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. शिक्षण घेताना ओघाने येणारा इतर खर्चही त्यात येतो, असा अर्थ कर्नाटक उच्च न्यायालयाने लावलेला आहे. अमेरिकेत ही गोष्ट निराळी आहे. तेथे पदवीसाठी शिकणाऱ्याच्या शिष्यवृत्तीतून फी व आवश्यक पुस्तके यांकडे गेलेला भाग करमुक्त असतो. पण निवास व भोजन यांकडे गेलेला भाग विद्यार्थ्याचे उत्पन्न म्हणून धरतात. ज्यांची मुले तिकडे शिकावयास जातील, त्यांनी हा भेद विसरू नये.

आता आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न घेऊ. अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न, आई व वडील यांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक असेल त्याच्या उत्पन्नात मिळवावे, असा नियम आहे. शिष्यवृत्ती मुळातच करमुक्त असल्यामुळे ती अशी मिळविली जात नाही. मात्र तिच्यावर मिळणारे व्याज ही निराळी वस्तू होय. एक उदाहरण पाहू. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचे दरमहा १,००० रुपये याप्रमाणे नववी ते बारावी या चार वर्षांत ४८,००० रुपये होतात. समजा, कोणा विद्यार्थ्याने ही सर्व रक्कम साठवून शेकडा ६ दराने एक वर्ष बँकेत ठेवली. मूळ ४८,००० रुपयांवर काहीच कर नाही. व्याज झाले २,८८० रुपये. १९६१ च्या कायद्यात अशा प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूट होती. त्या हिशेबाने उरलेले १,३८० रुपये वडिलांच्या किंवा आईच्या उत्पन्नात मिळाले असते. अर्थात त्यांचे एकूण उत्पन्नच करपात्र मर्यादेच्या आत असेल, तर कर द्यावा लागत नाही. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कलाकौशल्याने मिळविलेले पैसेही पालकांच्या उत्पन्नात धरीत नाहीत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तर मुलाचा हिशेब सर्वस्वी स्वतंत्र होतो.

शिष्यवृत्ती व मोबदला यांतही फरक केला पाहिजे. महाविद्यालयात शिकत असता कोणी एखाद्या दुकानात हिशेब लिहून किंवा शिकवण्या करून पैसे मिळविले, तर ती कामाची मिळकत झाली. तिला शिष्यवृत्तीची सूट नाही. रकमेस नाव कोणते दिले आहे यापेक्षा ती अभ्यासासाठी दिली की कामाबद्दल दिली, हेच महत्त्वाचे.

नोकरदार पालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जुन्या करपद्धतीत दोन मुलांपर्यंत शिक्षण-शुल्काची वजावट मिळते. परंतु ती पालकाने स्वतः भरलेल्या शुल्कापुरतीच असते. जे शुल्क शिष्यवृत्तीतून परस्पर भरले गेले, ते आपण भरले असे दाखविता येत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या गावास सर्वांत जवळचा आहे. शेतीचे उत्पन्न केंद्र सरकारच्या प्राप्तिकरातून मुक्त आहे. कापूस, मका, मिरची पिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्या उत्पन्नावर हा कर नाही. यावरून कित्येकांचा असा समज होतो की, शिष्यवृत्तीच्या अर्जातही हे उत्पन्न लिहिण्याचे कारण नाही. हा समज चुकीचा आहे. अर्जास लागणारा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि प्राप्तिकर ही दोन वेगवेगळी मापे आहेत. एकात शेतीचे उत्पन्न वगळतात, दुसऱ्यात ते धरतात. वर सांगितलेल्या शिष्यवृत्तीस पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची ३,५०,००० रुपयांची मर्यादा आहे, आणि सबंध देशात दरसाल सुमारे एक लाखच नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. जो उत्पन्न लपवून त्यांपैकी एक घेतो, तो सरकारास फसवितो इतकेच नव्हे, तर शेजारच्या गरजू मुलाच्या हातातील पुस्तक काढून घेतो.

शिष्यवृत्तीवर राज्यसंस्था कर घेत नाही, ही केवळ दया नव्हे. त्यात दूरदृष्टी आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकर यांस अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठविले. त्या विद्यार्थ्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहिला, आणि पुढे देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले येऊन चिंतामणराव देशमुख यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. तेच १९५० ते १९५६ या काळात भारताचे अर्थमंत्री होते, आणि देशाचा प्राप्तिकर त्यांच्याच खात्याकडे होता. विद्यार्थिदशेत मिळालेली मदत पुढे देशास किती पटींनी परत मिळते, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येईल.

तेव्हा पालकांनी निर्भयपणे अर्ज करावा व त्यात खरे तेच लिहावे. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे पत्र, बँकेचे पासबुक व शुल्काच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात. कधी कोणी विचारणा केली, तर एवढे कागद दाखविले म्हणजे पुरे. आणि विद्यार्थ्यांनी, जी रक्कम शिक्षणासाठी मिळाली ती शिक्षणासाठीच खर्चावी. कारण कायद्याने सूट दिली आहे ती शिक्षणास.