गाडी गचके खाऊन बंद पडते तेव्हा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण तेरीज जुळेना म्हणजे आपण जे करतो, तेच येथेही करायचे असते. सगळ्या वह्या नव्याने लिहीत बसायचे नाही. फरक कोणत्या बाजूला आहे ते आधी शोधायचे.

पेट्रोल इंजिनाला हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी एवढेच लागते. वजनाने एक भाग पेट्रोलाला सुमारे १४.७ भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. गाडी अडली की पहिला प्रश्न हाच : ठिणगी चुकली की पेट्रोल कमी पडले? याचे उत्तर पुष्कळदा कानच देतात. दिवा मालवावा तसे इंजिन एकदम थांबले, तर संशय कॉइल, कंडेन्सर, पॉइंट किंवा सैल वायरीवर घ्यावा. धापा टाकत, गचके खात, हळूहळू दम सोडला तर पेट्रोलाच्या वाटेवर अडथळा आहे असे समजावे. हा नियम शंभर टक्के नाही, परंतु सुरुवातीला दिशा देतो.

माझ्या मामांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सी.सी.ची. मुंबईत या टॅक्सींचा काळ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. आमच्या घरी मात्र जांबोटीकडून आजीला बेळगावच्या दवाखान्यात आणायला तीच. गेल्या उन्हाळ्यात ती बारा-तेरा किलोमीटर गेली की गचके खाऊन थांबू लागली. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू! आजीला उन्हात रस्त्याकडेला बसवून ठेवावे लागे. एका गॅरेजमध्ये नवा कार्बोरेटर आणि नवा पंप, मिळून आठ हजारांचा अंदाज सांगितला.

शेजारचे कन्नड भाषक मिस्त्री म्हणाले, ही ‘व्हेपर लॉक’ असेल. उन्हाळ्यात इंजिनावरचा पंप व नळी तापून पेट्रोलाची आतच वाफ होते, पंप वाफेवर फुकट चालतो आणि गाडी निवली की सुरू होते. लक्षण जुळत होते. पण मामांनी सहज सांगितलेली एक गोष्ट मला खटकली : टाकी भरलेली असली की गाडी लवकर अडते. वाफेचा दोष असता तर टाकी किती भरली आहे यावरून एवढा फरक का पडावा?

टाकीतून पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावी लागते. जुन्या गाड्यांत ती झाकणाच्या बारीक छिद्रातून येते. छिद्र बंद असले तर टाकीत दाब घटत जातो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. टाकी भरलेली असताना वर हवेची जागा थोडी, म्हणून दाब लवकर घटतो. थांबल्यावर फटीतून हळूहळू हवा शिरते आणि गाडी चालते. मूळ झाकण हरवल्यावर बाजारातून आणलेल्या झाकणाला छिद्रच नव्हते!

दोन्हींतला फरक ओळखायला पैसा लागत नाही. गाडी अडताच, ती निवण्याची वाट न पाहता झाकण उघडावे (विडी-सिगारेट दूर ठेवून). हवा ‘फुस्स’ करून आत गेली आणि गाडी थोड्या सेल्फवर सुरू झाली, तर दोष झाकणाचा. आमच्या गाडीचे तसेच झाले.

बाकीची लक्षणे थोडक्यात. ॲक्सिलरेटर दाबताच अडखळत असेल, तर कार्बोरेटरमधला छोटा पंप पाहावा. चालताना ठीक, पण सिग्नलला बंद पडत असेल, तर स्लो जेटमधला कचरा किंवा मॅनिफोल्डला कुठे हवा खेचली जाते ते पाहावे. चढावर मिसिंग असेल, तर आधी फिल्टर बदलावा. तो सर्वांत स्वस्त. प्लग काढून बघणे मला सर्वांत आवडते : फिकट तपकिरी म्हणजे ठीक, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, तेलकट असेल तर मात्र खिशाकडे बघावे.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, पंप बहुधा टाकीतच असतो, आणि स्कॅनर लावल्यावर दोषाचा आकडा मिळतो. तो आकडा कोणत्या खात्यात बघायचे एवढेच सांगतो. तेवढ्यावरून सेन्सर बदलू नये, आधी त्याची वायर पाहावी.

आणि एक : चोर्ला घाटात उतरताना इंजिन बंद पडले, तर नव्या गाड्यांत ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच उरते आणि स्टिअरिंगही जड होते. ब्रेक सोडून पुन्हा पुन्हा मारू नये; एकदाच घट्ट दाबून ठेवावा आणि गाडी कडेला घ्यावी.