‘उघडले’ आणि ‘वाचले’ : ऑनलाइन प्रशिक्षणात दस्तऐवज जोडताना

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एक ऑनलाइन शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केले. त्यात वाचावयाचे अनेक दस्तऐवज होते. प्रत्येक दस्तऐवज उघडला की त्याच्यासमोर हिरवी खूण उमटत असे. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा नऊ दस्तऐवज शिल्लक होते. ते आम्ही एकामागून एक उघडले आणि तसेच मिटले. सायंकाळी प्रमाणपत्र आले. ते आजही आमच्या कपाटात आहे. परंतु त्या नऊ दस्तऐवजांत काय होते, ते आम्हांस सांगता येणार नाही. दोष सर्वस्वी आमचा होता. तरीही शिकणाऱ्याची अशी पळवाट ज्या रचनेत सहज राहते, तिचा विचार करणे शिक्षक म्हणून आम्हांस आवश्यक वाटले.

हा विचार पुढे कामी आला. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज आपापल्या गावी संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवतात. इतिहास कसा शिकवावा, मूळ साधने मुलांपुढे कशी ठेवावीत, याचे एक छोटे ऑनलाइन प्रशिक्षण आम्ही त्यांच्यासाठी तयार केले. ते करताना जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडत आहोत. असे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

साधनाची ओळख

आम्ही ‘मूडल’ ही प्रणाली वापरली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डुगियामास यांनी तिची पहिली आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध केली. ती मुक्त स्वरूपाची असल्याने तिच्यासाठी परवाना-शुल्क द्यावे लागत नाही. सर्व्हरचा खर्च मात्र करावा लागतो. तिच्यात वाचनसाहित्य जोडण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. तयार दस्तऐवज, उदाहरणार्थ पीडीएफ, जोडावयाचा असल्यास ‘फाइल’. मजकूर तेथेच लिहावयाचा असल्यास ‘पेज’. आणि दुसऱ्या संकेतस्थळावरील मजकुराकडे न्यावयाचे असल्यास ‘यूआरएल’, म्हणजे दुवा.

साहित्य जोडले म्हणजे त्याची नोंद आपोआप मिळेलच असे नाही. प्रथम संपूर्ण अभ्यासक्रमाच्या सेटिंगमध्ये पूर्णतेची नोंद सुरू करावी लागते. त्यानंतर प्रत्येक घटकासाठी पर्याय निवडावा लागतो : नोंद नको, शिकणाऱ्याने स्वतः ‘झाले’ अशी खूण करावी, किंवा ठरावीक अट पूर्ण झाल्यावर खूण आपोआप व्हावी. फाइल, पेज आणि दुवा यांच्यासाठी ही अट बहुधा एकच असते, ती म्हणजे तो घटक उघडून पाहणे. चाचणीसाठी गुण मिळणे किंवा उत्तीर्ण होणे, आणि स्वाध्यायासाठी तो सादर करणे, अशा अधिक अर्थपूर्ण अटी ठेवता येतात. शेवटी शिक्षकाला एक तक्ता मिळतो. डावीकडे नावे, वर घटक, आणि चौकटींत खुणा. आपल्या हजेरीपटाचेच हे नवे रूप होय.

नोंदीला काय कळते?

इतिहासाच्या अभ्यासकाला पहिला धडा मिळतो तो हा की, कोणतेही साधन हाती आल्यावर ते कोणी लिहिले आणि लिहिणाऱ्याला काय दिसू शकत होते, हे आधी विचारावे. या तक्त्यालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. पीडीएफ उघडली गेली, एवढेच सर्व्हरला कळते. तिची वीस पाने वाचली, की पहिले पान पाहून ती मिटली, हे त्याला कळत नाही. दुव्याच्या बाबतीत तर त्याहून कमी कळते. शिकणाऱ्याने दुव्यावर बोट ठेवले की खूण झाली. पुढे तो ज्या संकेतस्थळावर गेला, तेथे काय घडले याची कोणतीही वार्ता आपल्या अभ्यासक्रमाकडे परत येत नाही.

या उणिवेवर तोडगा म्हणून ‘स्कॉर्म’ नावाचे मानक वापरले जाते. त्यात पाठाचे सर्व भाग एका झिप फाइलीत बांधलेले असतात आणि पाठ चालू असताना तो प्रणालीला स्थिती, गुण आणि लागलेला वेळ कळवतो. २००१ सालच्या १.२ या आवृत्तीत पाठाच्या स्थितीसाठी एकच रकाना होता. ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ हे दोन्ही शब्द त्याच रकान्यात लिहावे लागत. पुढे २००४च्या आवृत्तीत पूर्णता आणि यश यांचे दोन स्वतंत्र रकाने करण्यात आले. पाठ संपणे आणि पाठ समजणे या दोन गोष्टी आहेत, हे मानक तयार करणाऱ्यांनाही अनुभवानंतर वेगळे मांडावे लागले, असा याचा अर्थ आम्ही घेतो. गावच्या शिक्षकाला हे नवे नाही. पटावर नाव असणे, वर्गात हजर असणे आणि धडा येणे, यांतील अंतर त्याला रोज दिसते.

एक उदाहरण

आमच्या प्रशिक्षणातील तिसरा पाठ महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनाचा आहे. प्रारंभी आम्ही त्याची पीडीएफ जोडली आणि उघडताच खूण होईल अशी अट ठेवली. आठवड्याभरात जवळजवळ सर्वांच्या नावासमोर खूण आली. आम्ही आनंदलो. पुढच्या बैठकीत एक साधा प्रश्न विचारला : प्राथमिक शिक्षण निदान कोणत्या वयापर्यंत सक्तीचे असावे, असे जोतीरावांनी म्हटले आहे? बारा वर्षे, हे उत्तर मोजक्यांनाच देता आले.

मग आम्ही पाठाची मांडणी बदलली. दस्तऐवजाचे तीन लहान भाग केले. प्रत्येक भागापूर्वी ‘पेज’वर चार ओळींत सांगितले की, हा भाग कशासाठी वाचावयाचा आहे. प्रत्येक भागानंतर दोन प्रश्न ठेवले. एकाचे उत्तर मजकुरातच सापडते. दुसऱ्याचे उत्तर वाचणाऱ्याने स्वतः पाच-सहा ओळींत लिहावयाचे असते. पहिला भाग आणि त्याचे प्रश्न पूर्ण झाल्यावरच दुसरा भाग खुला व्हावा, अशी प्रवेशाची अट मूडलमध्ये घालता येते. ती आम्ही घातली. आता खूण उमटते ती उत्तर लिहिल्यावर. खुणांची संख्या घटली, परंतु बैठकीतील चर्चा वाढली.

दस्तऐवज सिद्ध करताना

येथे काही व्यावहारिक सूचना नोंदवणे योग्य होईल. जुन्या पुस्तकाची पाने मोबाइलने टिपून केलेली पीडीएफ म्हणजे केवळ चित्रे असतात. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर सोयीने मोठे करून नीट वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र तेथे मुके होते. मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये टंकलिखित करणे कष्टाचे असले तरी ते सार्थकी लागते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली फाइल तर दुसऱ्याच्या संगणकावर अनेकदा निरर्थक अक्षरांची रांग होऊन उघडते. फाइल शक्य तितकी हलकी ठेवावी; खेड्यातील नेटवर्कवर मोठी फाइल अर्ध्यावर थांबते. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये पाठ आधीच उतरवून घेता येतो, हे सर्वांना प्रत्यक्ष करून दाखवावे.

दुसऱ्या संकेतस्थळाचे पान आपल्या पाठाच्या चौकटीत दाखवण्याचा मोह होतो. अनेक संकेतस्थळे सुरक्षेसाठी तशी परवानगी देत नाहीत आणि चौकट रिकामी राहते. अशा वेळी दुवा नव्या खिडकीत उघडू द्यावा. दुवे कालांतराने मरतातही. म्हणून प्रत्येक सत्राच्या आरंभी सर्व दुवे स्वतः उघडून पाहावेत आणि दुव्यासोबत दोन ओळींचा सारांश लिहून ठेवावा.

हक्कांचे भानही ठेवले पाहिजे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी संपतो. १८९० साली निवर्तलेल्या जोतीरावांचे त्यांच्या हयातीतील लेखन त्यामुळे सर्वांना खुले आहे. परंतु त्याचा अलीकडे झालेला अनुवाद, प्रस्तावना किंवा टिपा यांचे हक्क त्या त्या अनुवादकाचे वा संपादकाचे असू शकतात. शंका असल्यास संपूर्ण प्रत चढवण्याऐवजी अधिकृत संकेतस्थळाचा दुवा द्यावा.

पालकांसाठीही एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. आमचे प्रशिक्षण प्रौढांसाठी होते. उद्या शालेय मुलांसाठी असे पाठ सुरू झाले, तर कोणती नोंद ठेवली जाते, ती कोण पाहते आणि ती केव्हा पुसली जाते, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. त्यांनी तो संकोच न करता वापरावा.

एक रिकामी ओळ

पहिल्या तुकडीच्या शेवटी आम्ही तक्ता छापून समोर घेतला. एका माजी विद्यार्थिनीच्या नावासमोरची ओळ जवळजवळ संपूर्ण रिकामी होती. प्रमाणपत्राच्या यादीतून तिचे नाव वगळावे, अशी शिफारस आम्ही पेन्सिलीने लिहिलीही होती. तरी एकदा फोन करावा म्हणून केला.

घरात मोबाइल एकच होता आणि तो तिच्या भावासोबत कामावर जात असे. तिने मैत्रिणीकडून फाइली मागवून घेतल्या, तालुक्याच्या गावी त्यांच्या छापील प्रती काढल्या, आणि तिसरा पाठ आपल्या अभ्यासवर्गातील मुलांना वाचूनही दाखवला. मग तिने आम्हांस विचारले, “सर, जातिभेदामुळे महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांजवळ बसू देत नाहीत, असं जोतीराव सांगतात. मग त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा का मागतात? सगळ्यांना एकत्रच बसवा, असं का नाही म्हणत?”

त्या तुकडीतील कोणाच्याही लेखी उत्तरात हा प्रश्न आला नव्हता. आम्ही तिला लगेच समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी निवेदन पुन्हा वाचले, आणि त्या प्रश्नावरच पुढच्या तुकडीचा चौथा पाठ उभा राहिला.

मूडलच्या तक्त्यात शिक्षकाला एखादी खूण स्वतःच्या हाताने बदलता येते, आणि ती शिक्षकाने बदलली असल्याचे तक्त्यात दिसते. त्या रात्री आम्ही तिच्या ओळीतील चौकटी एकेक करून पूर्ण केल्या. तेव्हापासून दोन नियम पाळतो. केवळ तक्ता पाहून कोणाचेही नाव वगळावयाचे नाही, आधी बोलावयाचे. आणि प्रत्येक पाठाची छापील प्रत शाळेच्या कार्यालयात ठेवावयाची. ज्या माजी विद्यार्थ्यांना ती हवी असेल, त्यांनी शाळेकडे कळवावे. प्रत टपालाने पाठवण्याची व्यवस्था केली आहे. वाचून झाल्यावर आपला एक प्रश्न मात्र आम्हांस लिहून पाठवावा.