माती, पाणी आणि मजुरी : वरच्या वर्गांसाठी परिसर-अभ्यासाचा एक पाठ

पाठाचा उद्देश : परिसराचे रक्षण आणि गावातील रोजगार ही दोन निराळी कामे नसून एकाच कामाची दोन फळे आहेत, हे विद्यार्थ्यांस स्वतःच्या गावच्या शिवारावरून उमगावे.

प्रस्तावना

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा तालुक्यांच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीस या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. या कोयत्यांबरोबर कित्येक लेकरेही पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील उसाच्या फडांवर जातात, आणि हजेरीपत्रकात त्यांच्या नावांपुढील रकाने पाडव्यापर्यंत रिकामे राहतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू लागली, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि आईबाप दूर आणि मूल गावात, ही व्यवस्था उपाय नव्हे. ती केवळ तात्पुरती सोय आहे.

रिकाम्या रकान्याचे कारण पालकांच्या अनास्थेत शोधणे सोपे असते. परंतु ते बहुधा गावच्या उतारावर सापडते. बालाघाटच्या रांगांवरील माती पातळ, तिच्याखाली मुरूम आणि खडक. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे साडेसहाशे मिलीमीटर पाऊस पडतो, पण तो थोड्या दिवसांत, जोराने पडतो. उघड्या उतारावरून पाणी धावते आणि जाताना माती नेते. खरिपाचे एक पीक निघाले की शेतात काम उरत नाही. माती गेली म्हणून पाणी टिकले नाही. पाणी टिकले नाही म्हणून काम टिकले नाही. काम नाही म्हणून माणूस गेला. शिक्षकांनी ही साखळी फळ्यावर लिहावी आणि पुढील सर्व विवेचन तिच्याशी जोडावे.

विषय-विवेचन

ही साखळी उलटी फिरविण्याचा विचार महाराष्ट्रात जुना आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मागेल त्यास काम देण्याचा प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. बीड जिल्ह्यातील वडीलधारी मंडळी त्या दिवसांतील खडी फोडण्याच्या आठवणी आजही सांगतात. खडी फोडून मजुरी मिळाली, पण खडीने पुढच्या वर्षीचे पाणी अडविले नाही. ज्या गावी त्याच हातांनी पाझर तलाव किंवा नालाबांध झाले, तेथे मजुरी संपल्यावरही कामाचा उपयोग उरला. एकाच दुष्काळाने हे दोन धडे दिले.

१९७७ साली राज्य विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा नागरिकाचा हक्क ठरला. त्याच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शिक्षकांच्या वेतनातून कापला जाणारा हा कर मुळात याच हेतूने सुरू झाला, हे कित्येक शिक्षकांसही ठाऊक नसते. १९९० पासून रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडण्यात आली. २००५ साली केंद्राने संपूर्ण देशासाठी कायदा केला, त्यात ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, आणि जलसंधारण, वनीकरण व भूमिसुधारणा यांना कामांच्या यादीत अग्रक्रम दिला.

हा विचार अन्य देशांतही झाला आहे. अमेरिकेत १९३३ ते १९४२ या काळात बेकार तरुणांचे संधारण-दल उभारण्यात आले. मंदीने काम गेले होते आणि अवर्षणाने कित्येक भागांतील माती वाऱ्यावर उडत होती. त्या दलातून सुमारे ३० लाख तरुणांनी काम केले आणि सुमारे ३०० कोटी झाडे लावली.

फळ्यावरील गणित

विधाने पाठ करून घेण्यापेक्षा गणित करून घ्यावे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १ सेंटिमीटर पाऊस पडला, तर १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर पाणी पडते.

आता त्याच हेक्टरभर डोंगरउतारावर ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल असा समतल चर एकूण ६०० मीटर लांबीचा खोदला, असे धरावे. ०.६ × ०.३ × ६०० = १०८ घनमीटर. चर एकदा भरला की १ लाख ८ हजार लिटर पाणी थांबते; अर्थात हेक्टरावर पडलेल्या एक सेंटिमीटरहून थोड्या अधिक पावसाइतके. असे चर एका पावसाळ्यात अनेकदा भरतात व मुरतात.

हे १०८ घनमीटर उपसले कोणी? उदाहरणापुरते धरू की एक मजूर दिवसाला दीड घनमीटर उपसतो. मग १०८ भागिले १.५ म्हणजे ७२ दिवसांची मजुरी झाली. जो आकडा पाण्याचा, तोच आकडा मजुरीचा. भागाकार तेवढा निराळा. खडकाळ जमिनीत हा भागाकार कसा बदलेल, हे मुलांनी चर खोदलेल्या गावकऱ्यांस विचारून यावे.

धोरण केव्हा फळते?

येथवर आल्यावर चौकस विद्यार्थी विचारील, की असे आहे तर टोळ्या अजून का जातात? हा प्रश्न टाळू नये. पाठाचे मर्म त्यातच आहे.

पहिले कारण वेळेचे. मुकादम उचल आगाऊ देतो, आणि ती एकरकमी असते. लग्न, दवाखाना, बी-बियाणे यांची गरज तिने भागते. योजनेची मजुरी काम झाल्यावर, मोजमापानंतर मिळते. अनेक ठिकाणी ती उशिरा हाती पडली. यास्तव उचल घेण्याआधीच गावात कोणते काम निघणार, ते ग्रामसभेत ठरले पाहिजे, आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्यास मिळाली पाहिजे. दिवाळीनंतर मंजूर झालेले काम रिकाम्या गावाला मिळते.

दुसरे कारण हातांचे. २००५ च्या कायद्याने खर्चात मजुरीचा वाटा किमान ६० टक्के ठेवला आणि कंत्राटदार व मजुरांचे काम हिरावणारी यंत्रे वर्ज्य केली. याउलट डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणासाठी यंत्रांचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. यंत्राने खड्डा लवकर होतो, पण गावात मजुरी उरत नाही. शिवाय पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावयाचे असते, आणि माथ्यावरचे चर व दगडी बांध हे मुख्यतः हातांचेच काम होय.

तिसरे कारण राखणीचे. चर गाळाने भरतात, रोपे शेळ्या खातात. केलेल्या कामाची राखण हेही काम आहे व तिला मजुरी असावी लागते.

शंभर दिवसांची मजुरी सहा महिन्यांच्या स्थलांतराची जागा एकटी भरून काढू शकत नाही, हेही स्पष्ट सांगावे. मजुरी ही पहिली पायरी. अडलेल्या पाण्यावर निघणारे रब्बीचे पीक, चारा व दूध ही दुसरी. दुसरी पायरी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने गाठली. कमी पावसाच्या या गावाने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली रोजगार हमीच्या निधीतून पाणलोटाची कामे केली. त्याचबरोबर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व शेतीसाठी विंधनविहिरींची बंदी हे नियम स्वतःवर घातले आणि पिके पाण्याचा ताळेबंद पाहून ठरविली. पुढे बाहेर गेलेली कुटुंबे गावी परतली. तेथे निधीने काम दिले आणि नियमांनी ते टिकविले.

बीड जिल्ह्यास स्वतःचे उदाहरणही आहे. बालाघाटच्या खडकाळ उतारांवर सीताफळ अल्प पाण्यावर वाढते आणि त्याचा पाला शेळ्या खात नाहीत. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा तोडणीचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीच्या आगेमागे येतो, म्हणजे नेमका टोळ्या निघण्याच्या वेळी. तोडणी, प्रतवारी व गर काढणे ही कामे त्या दिवसांत गावातच उभी राहिली, तर उताराची माती आणि वर्गातील मूल दोन्ही जागेवर राहण्यास साहाय्य होईल.

कृती

तीन काठ्या, सुतळी व एक दगड यांची ओळंब्याची चौकट मुलांकडून करवून घ्यावी. तिच्या साहाय्याने शाळेजवळच्या उतारावर सारख्या पातळीचे बिंदू शोधून तेथे चुन्याची रेघ ओढावी. पाणी कोठे अडेल, ते मुलांस त्या रेघेवरून दिसेल.

प्रश्न

१. खडी फोडणे व नालाबांध घालणे या दोन कामांत मजुरी सारखीच मिळाली, तरी फरक कोणता?
२. आपल्या गावी ४०० मीटर समतल चर वरील मापाने खोदल्यास किती पाणी थांबेल व किती दिवसांची मजुरी होईल?
३. ग्रामसभेने कामांचा आराखडा कोणत्या महिन्यात ठरवावा? कारण द्या.

गृहपाठ : घरातील वडीलधाऱ्यांस १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारावे. त्या वेळी गावात झालेल्या कोणत्या कामाचा आज उपयोग होतो आणि कोणत्याचा होत नाही, हे दहा ओळींत लिहावे.

शिक्षकांसाठी सूचना : ज्यांचे आईवडील फडावर गेले आहेत, अशी मुले वर्गात असतील. त्यांच्या घरची परिस्थिती उदाहरण म्हणून सांगू नये. चर्चेत मात्र त्यांस प्रथम बोलू द्यावे. या विषयाचे ज्ञान वर्गात सर्वांहून अधिक त्यांनाच आहे.