एफएमची खरखर : आधी अँटेना पाहा

इंदापुरात गिऱ्हाईक डेक आणून म्हणते, पुण्याचे एफएम खरखरते. कारागीर बंधूंनी लगेच सेट उघडू नये. पुणे रस्त्याने सव्वाशे किलोमीटरहून लांब आणि एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. दोष बहुधा अँटेनात असतो. 100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटर लांब, म्हणून अँटेना तिच्या निम्मी, सुमारे दीड मीटर, मधोमध तोडलेली. ती गच्चीवर आडवी, रुंद बाजू पुण्याकडे करून बांधावी. खाली 75 ओहमची टीव्हीची केबल चालते. सेटला 300 ओहमचे स्क्रू असल्यास मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर (टीव्हीवाल्यांचा ‘बलून’) लावावा. तरीही सूं राहिले तर स्टिरिओऐवजी मोनो करा, पुष्कळ फरक पडतो. हलके एलईडी दिवेही मालवून पाहा. मात्र एवढ्या अंतरावर स्टेशन स्वच्छ लागेलच, अशी गॅरंटी पैसे घेताना देऊ नये.