फुकट सॉफ्टवेअर, एक टिक आणि गिऱ्हाइकाचा नंबर

व्हिडिओत ईआरपीनेक्स्टचं सेटअप दाखवलं, पण घाईत एक चौकोन सांगायचा राहिला.

ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं. बिल, स्टॉक, उधारी सगळं त्यात होतं. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड कुणीही उघडून वाचू शकतो. भूमचे एक खवावाले म्हणाले, "मग सर, आपली माहिती बाहेर जातच नसेल!" तसं काही नसतं. सेटअपमध्ये वापराची माहिती कंपनीला पाठवायला परवानगी देणारा चौकोन येतो. सिस्टम सेटिंग्जमध्येही तो आहे. आपण नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करत सुटतो. थांबा, वाचा. टिक आधीच लागलेली असेल तर ठेवायची की काढायची, ते तुम्ही ठरवा. ठेवली तरी चूक नाही. लोक काय वापरतात हे कळल्याशिवाय ते सुधारणार कसं?

आवाज साफ करायला आपण वापरतो ते ऑडॅसिटीही ओपन सोर्सच. २०२१ मध्ये त्यात गुगल आणि यांडेक्समार्फत वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला. ती सोय सुरुवातीला बंदच राहणार होती, तरी लोक भडकले आणि तो बेत सोडावा लागला. कोड उघडा होता म्हणून काय बदलतंय ते लगेच दिसलं.

आता आपल्या काउंटरवर या. बिलासाठी घेतलेल्या नंबरांवर मी एका दिवाळीला सरसकट ऑफर पाठवली. एक जुन्या मावशी दुकानात येऊन म्हणाल्या, "नंबर बिलाला दिला होता रे." उत्तर नव्हतं माझ्याकडं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अगदी असंच उदाहरण आहे: औषध दुकानात गिऱ्हाईक पावती मोबाइलवर मागतं, तर तो नंबर पावतीसाठी वापरता येतो. ऑफरसाठी वेगळी संमती लागते, आणि ती गिऱ्हाइकानं स्वतः स्पष्ट द्यायची. मागं घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीची बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर सवय लावून घ्या.

ईआरपीनेक्स्टच्या कस्टमर फॉर्ममध्ये 'ऑफर पाठवू का?' असा चौकोन वाढवा, सुरुवातीला रिकामा. विचारूनच टिक करा, शेजारी तारीख टाका. कुणी 'नको' म्हटलं की टिक त्याच दिवशी काढा. फील्ड कसं वाढवायचं ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.